चोरी, अपहार की फसवणूक? मनात लबाडी कधी शिरली ते पाहा

"हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." पैसे अडकले म्हणून पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला हे वाक्य अनेकदा ऐकावं लागतं. याच्या उलटही घडतं. साध्या उधारीच्या भांडणात समोरच्यावर फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं एकदम लागतात आणि तो जामिनासाठी धावपळ करत बसतो. दोन्हीकडचा गोंधळ एकच आहे. मालमत्तेच्या गुन्ह्यात वस्तू कुणाकडे गेली एवढंच कायदा बघत नाही. ती जाताना घेणाऱ्याच्या मनात काय होतं, हे तो आधी विचारतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, त्यामुळे 'चारसोबीस' नावाचं कलम आता पुस्तकात उरलेलंच नाही. ते आता ३१८(४) झालं आहे. चोरीची शिक्षा ३७९ वरून ३०३ वर आली आणि ४०६ चा विश्वासघात ३१६ मध्ये गेला. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमं लागतात, म्हणून बातम्यांत अजून दोन्ही आकडे दिसतात. आकडे बदलले आणि काही शिक्षा वाढल्या, पण या गुन्ह्यांची हाडं १८६० च्या कायद्यातलीच आहेत.

मोटारसायकल एक, गुन्हे पाच

समजा, तुमची मोटारसायकल आज शेजाऱ्याच्या ताब्यात आहे आणि तो ती देत नाही. ती त्याच्याकडे गेली कशी?

रात्री तुमच्या दारातून त्याने ढकलत नेली असेल तर ती चोरी. फाटकापर्यंत नेली आणि कुत्रं भुंकल्यावर तिथेच टाकून पळाला, तरी चोरी पूर्ण झाली. लबाडीच्या हेतूने वस्तू जागेवरून हलवली की कलम ३०३ ला तेवढं पुरतं.

"लेकीला दवाखान्यात न्यायचंय, तासाभरात आणून देतो" असं म्हणून त्याने नेली, आणि मागतानाच विकायचं ठरवलेलं होतं, तर ती फसवणूक. इथे गाडी तुम्ही स्वतःच्या हाताने दिलीत, पण खोट्याला भुलून दिलीत.

तुम्ही महिनाभर गावी जाताना किल्ली त्याच्याकडे विश्वासाने ठेवलीत. दोन आठवडे त्याने गाडी नीट सांभाळली आणि तिसऱ्या आठवड्यात पैशांची नड लागली म्हणून विकली. हा फौजदारी न्यासभंग. बोलीभाषेत आणि बातम्यांत त्याला 'विश्वासघात' म्हणतात.

दुसऱ्याच कुणी चोरून रस्त्यात टाकलेली गाडी त्याला सापडली, नंबरवरून ती तुमची आहे हे कळलं, तरी त्याने ठेवून घेतली. हा अपहार. आणि "किल्ली दे, नाहीतर पोराला बघून घेतो" असं धमकावून तुमच्याकडूनच घेतली असेल तर ती खंडणी. धमकी तिथल्या तिथे मारण्याची असेल तर जबरी चोरी.

एक सहावी शक्यताही आहे. अंधारात सारख्या दिसणाऱ्या गाड्यांतली तुमची गाडी त्याने आपली समजून नेली. हा गुन्हाच नाही. पण सकाळी नंबर बघून चूक लक्षात आल्यावरही ठेवून घेतली, तर त्या क्षणापासून अपहार सुरू होतो.

या सगळ्यांत गाडी तीच आहे आणि तुमचं नुकसानही तेच आहे. फरक आहे तो लबाडी मनात शिरण्याच्या वेळेचा. चोरीत ती हात लावताना असते. फसवणुकीत त्याच्याही आधी, शब्द उच्चारताना. न्यासभंगात आणि अपहारात वस्तू सरळ मार्गाने हातात येते आणि मन नंतर फिरतं.

कायद्याच्या भाषेत 'अप्रामाणिक' कोण?

रोजच्या बोलण्यात शब्द मोडणारा, खोटं बोलणारा, उधारी थकवणारा असे सगळेच अप्रामाणिक. कायद्यातली व्याख्या अरुंद आहे. कलम २(७) प्रमाणे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या हेतूने केलेली गोष्ट ती अप्रामाणिक. गैरलाभ म्हणजे ज्यावर आपला कायदेशीर हक्क नाही ती मालमत्ता बेकायदेशीर मार्गाने मिळवणं. गैरहानी म्हणजे ज्याचा हक्क आहे त्याने ती बेकायदेशीर मार्गाने गमावणं.

यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. घेणाऱ्याच्या खिशात काही पडलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्याच्या कोठारातली धान्याची पोती उचलून गरिबांना वाटली तरी कोठाराच्या मालकाची गैरहानी झालीच. दुसरी बाब म्हणजे मिळवण्याइतकंच अडवून ठेवणंही यात येतं. हक्काच्या माणसाला त्याच्या वस्तूपासून दूर ठेवणं हीसुद्धा गैरहानीच आहे.

"पण मी परत करणारच होतो"

हा बचाव सर्वात जास्त ऐकू येतो आणि भारतात तो टिकत नाही. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात मालकाला वस्तूपासून कायमचं वंचित करण्याचा हेतू लागतो. आपल्याकडे तशी अट नाही.

१४ मे १९५२ रोजी जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थीने परवानगी नसलेलं हार्वर्ड विमान एका साथीदाराबरोबर उडवलं आणि ते थेट पाकिस्तानात उतरवलं. विमान कायमचं ठेवून घ्यायचं नव्हतं, असा मुद्दा खटल्यात आला. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य या १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चोरीची शिक्षा कायम ठेवली. परवानगीशिवाय तात्पुरता वापर करून घेणं हाही गैरलाभ आणि तेवढा वेळ सरकारला विमान न मिळणं हीही गैरहानी. १९६३ च्या प्यारेलाल भार्गव खटल्यातली वस्तू त्याहून साधी होती. अलवरच्या सरकारी कचेरीतल्या कर्मचाऱ्याने एक फाइल घरी नेली, बाहेरच्या माणसाला हाताळायला दिली आणि दुसऱ्या दिवशी जागेवर आणून ठेवली. तीही चोरीच ठरली.

मग मित्राच्या घरून, तो नसताना, वाचायला पुस्तक आणलं तर? कायद्यातच याचं उदाहरण दिलेलं आहे. त्याची संमती आहेच असं तुम्ही खरोखर समजत असाल तर तो गुन्हा नाही. प्रश्न पुन्हा मनातल्या समजुतीचाच.

"माझीच वस्तू मी नेली, त्यात चोरी कसली?"

चोरी मालकीविरुद्ध नसते, कब्जाविरुद्ध असते. म्हणून मालकसुद्धा चोर ठरू शकतो. संहितेत घड्याळाचं उदाहरण आहे. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, मजुरीचं काहीही देणं नसताना, तुम्ही दुकानातून जबरदस्तीने उचलून आणलंत तर मारहाणीचा किंवा आगळिकीच्या (म्हणजे बेकायदा) प्रवेशाचा गुन्हा होईल, चोरीचा नाही. पण मजुरी थकलेली आहे आणि दुकानदाराने घड्याळ तेवढ्यासाठी अडवून ठेवलंय, तर ते परस्पर नेणं चोरी ठरतं. करार कायद्याच्या कलम १७० ने त्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क दिलेला आहे. गॅरेजचं बिल न भरता रात्री दुसऱ्या किल्लीने गाडी काढून नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सावकारी वृत्तीच्या लोकांचीही इथेच चूक होते. "माझे पन्नास हजार देणं आहे, म्हणून त्याची म्हैस सोडून आणली." देणं खरं असेलही, पण म्हशीवर तुमचा हक्क नाही. पैसे मिळेपर्यंत दुसऱ्याची वस्तू उचलून ठेवणं चोरीत बसतं. हायर-पर्चेस करारात हप्ते थकल्यावर गाडी परत घेण्याचा हक्क लिहिलेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मालकी वित्तसंस्थेकडेच असते आणि अशा जप्तीला चोरी म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं आहे. त्या वेळी दमदाटी झाली तर तिचा वेगळा हिशेब होतो.

बांधावरचं झाड तोडलं, वादातल्या तुकड्यातला ऊस नेला, या तक्रारींत आधी एक गोष्ट तपासावी लागते. नेणाऱ्याला ते आपलं आहे असं प्रामाणिकपणे वाटत होतं का? मोजणीत तो चुकीचा ठरला तरी चालतं. दावा खरा हवा, बनाव नको. तळ्यातल्या मासळीवरून झालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर चोरी नाकारली होती. असे वाद खरोखरच दिवाणी असतात.

उसने दिलेले पैसे आणि सांभाळायला दिलेले पैसे

सगळ्यात जास्त तक्रारी इथे फसतात, म्हणून जरा थांबून पाहू.

तुम्ही मित्राला दोन लाख उसने दिले. ते दिल्या क्षणी पैसे त्याचे झाले. त्याने ते कुठेही उडवले तरी तो तुमचे पैसे उडवत नाही, तो फक्त तुमचं देणं लागतो. त्यामुळे इथे न्यासभंग होऊच शकत नाही. पण "हे दोन लाख बहिणीच्या हाती दे" असं सांगून दिले असतील तर पैसे तुमचेच राहिले. तो फक्त सांभाळणारा, आणि त्याने वापरले तर तो न्यासभंग. नोटा त्याच, फरक सुपूर्द करण्याच्या अटीत.

विक्रीचंही असंच आहे. दिल्ली रेस क्लबला घोड्यांचं धान्य पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची ९ लाखांवर थकबाकी होती आणि त्याने न्यासभंगाची फौजदारी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. माल विकला की मालकी घेणाऱ्याकडे जाते. आता फक्त किंमत मागायची राहते, आणि त्याला दिवाणी मार्ग आहे. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट ठासून सांगितली. एकाच घटनेवर फसवणूक आणि न्यासभंग दोन्ही एकदम लावता येत नाहीत. फसवणुकीत लबाडी सुरुवातीलाच असते, तर न्यासभंगात सुरुवात सचोटीची असते. एकच माणूस एकाच व्यवहारात सुरुवातीला लबाडही होता आणि सचोटीचाही होता, असं कसं म्हणणार? तरी दोन्ही कलमं जोडीने लावायची सवय अजून गेलेली नाही.

सांभाळायला देणं प्रत्येक वेळी कागदावर लिहिलेलं नसतं. भिशीचे पैसे गोळा करणाऱ्याकडे ते ठरलेल्या कामासाठी असतात. मालकाने कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधीचा वाटा कायद्याने त्याच्याकडे सोपवलेला मानला जातो. कापून घेतला पण भरला नाही, तर तो न्यासभंग. आणि स्त्रीधन. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बायकोचे दागिने नवऱ्याकडे किंवा सासरी ठेवायला दिले म्हणून ते त्यांचे होत नाहीत. मागूनही न देणं किंवा परस्पर मोडणं हा न्यासभंग आहे. लग्नात मिळालेल्या दागिन्यांची यादी, बिलं आणि फोटो जपून ठेवा, हे मी प्रत्येक मुलीला आग्रहाने सांगेन.

भागीदारीत मात्र उलट आहे. भागीदाराने धंद्याची वसुली स्वतःकडे ठेवली तरी केवळ तेवढ्यावर न्यासभंग होत नाही, कारण त्या पैशांत त्याचाही वाटा असतो. महाराष्ट्रातूनच गेलेल्या वेलजी राघवजी पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये हे स्पष्ट केलं. ती रक्कम त्याच्याकडे खास करारानं सोपवलेली होती, हे दाखवावं लागतं.

शिक्षाही विश्वासाच्या वजनाप्रमाणे वाढते. साध्या न्यासभंगाला पाच वर्षांपर्यंत (जुन्या कायद्यात तीन होती), नोकर किंवा कारकुनाने केला तर सात, आणि सरकारी नोकर, बँकर, व्यापारी किंवा एजंट या नात्याने केला तर जन्मठेपेपर्यंत.

हेतू डोळ्यांना दिसत नाही, मग सिद्ध कसा करायचा?

वागण्यावरून. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निकालाचा आधार आजही सतत घेतला जातो. करार मोडला म्हणून फसवणूक होत नाही, वचन देतानाच ते पाळायचं नव्हतं हे दिसलं पाहिजे. धंदा बुडाला, काम रखडलं, अंदाज चुकला, ही सगळी नंतरची कारणं आहेत.

म्हणून पैसे घेतले त्या दिवशी कोणती गोष्ट खोटी होती, ते शोधा. बिल्डरने बुकिंग घेताना ज्या परवानगीचा दाखला दिला, ती तेव्हा होती का? एकच फ्लॅट आधीच दुसऱ्याला विकलेला होता का? नोकरी लावणाऱ्याने दाखवलेलं नेमणूकपत्र बनावट होतं का? पैसे आल्या दिवशीच भलत्या खात्यात वळले का? उलट चार-पाच हप्ते नियमित भरले, अडचण लेखी कळवली, मुदत मागितली, असं असेल तर सुरुवातीची लबाडी सिद्ध करणं फार कठीण जातं.

न्यासभंगात पैसे नेमके कुठे गेले याचा प्रत्यक्ष पुरावा दर वेळी लागत नाही. माल सोपवला होता हे सिद्ध झालं, मागितल्यावर हिशेब दिला नाही किंवा दिलेला खोटा निघाला, तर न्यायालय अपहाराचा निष्कर्ष काढू शकतं. चोरीतही असा एक आधार आहे. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडतो त्याने तो कसा आला ते सांगायचं. समाधानकारक सांगता आलं नाही, तर तोच चोर किंवा चोरीचा माल घेणारा असं न्यायालय गृहीत धरू शकतं.

सापडलेलं, चुकून आलेलं, स्वस्तात मिळालेलं

रस्त्यात पडलेली नाणी किंवा नोट, कुणाची ते कळायला मार्ग नाही, ती उचलली तर गुन्हा नाही. पण पाकिटात आधार कार्ड आहे, किंवा थोडी चौकशी केली असती तर मालक सापडला असता, तरीही पैसे वापरले, तर कलम ३१४ चा अपहार होतो. नव्या कायद्यात याला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षांची कैद, शिवाय दंड आहे. जुन्यात किमान मुदत नव्हती.

खात्यात चुकून आलेल्या रकमेलाही हेच तत्त्व लागतं. आपली नाही हे कळल्यावर काढून खर्च करणं धोक्याचं आहे. मात्र फोन करून "चुकून पाठवलेत, या नंबरवर परत टाका" म्हणणाऱ्यालाही परस्पर पाठवू नका. तो सापळा असू शकतो. बँकेला लेखी कळवा आणि रक्कम बँकेमार्फतच परत जाऊ द्या.

पंचवीस हजारांचा मोबाइल बिलाशिवाय, चार्जरशिवाय सहा हजारांत मिळत असेल, तर "मला माहीत नव्हतं" हे न्यायालयाला पटणं अवघड आहे. कलम ३१७ मध्ये चोरीचा माल आहे हे माहीत असणं किंवा तसं मानायला कारण असणं, दोन्ही धरलं जातं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय (ओळख) क्रमांक तपासायला दोन मिनिटं पुरतात.

जमीन, वाळू, वीज

चोरी फक्त जंगम वस्तूची होते. जमीन चोरता येत नाही, त्यावर अतिक्रमण होतं. पण झाड तोडलं, माती खणली की ती जमिनीपासून सुटते आणि चोरीची वस्तू बनते. म्हणूनच नदीपात्रातून बेकायदा वाळू उपसणाऱ्यावर खाण कायद्याच्या जोडीला चोरीचं कलमही लावता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. विजेला मात्र २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ हे स्वतंत्र कलम आहे.

"पैसे परत केले, आता तरी सुटलो ना?"

गुन्हा एकदा घडला की परतफेडीने तो पुसला जात नाही, पण फरक पडतो. चोरी आणि अपहाराचा गुन्हा फिर्यादी आपसात मिटवू शकतो. साधा न्यासभंग आणि ३१८(४) ची फसवणूक मिटवायला न्यायालयाची परवानगी लागते. सरकारी नोकर किंवा बँकरच्या न्यासभंगात ही सोय नाही. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा किंमत परत केलेली असेल, तर आता शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली जाते. पोटासाठी किरकोळ चोरी केलेल्या पोराला तुरुंगात सराईतांच्या शेजारी बसवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे.

तक्रार लिहिताना

"माझी फसवणूक झाली" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या तारखेला, कुणासमोर, काय सांगून, नेमकं काय घेतलं, ते लिहा. दिलं कशासाठी, ते लिहा: उसने, विक्रीपोटी की सांभाळायला. सांगितलेली गोष्ट त्या दिवशी खोटी होती हे कशावरून? परत केव्हा मागितलं आणि काय उत्तर आलं? बँक उतारा, मेसेज आणि पावत्या तारखेच्या क्रमाने जोडा.

तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. तेवढा वेळ लागला म्हणून घाबरू नका. तक्रार ऑनलाइन पाठवली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. घेतच नसतील तर तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि तिथेही दाद मिळाली नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

आणि प्रकरण खरंच दिवाणी निघालं तर वेळ दवडू नका. उसन्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ठाण्याच्या फेऱ्यांत ती थांबत नाही. हातात न वटलेला धनादेश असेल तर घड्याळ आणखी वेगाने धावतं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस द्यायचे, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट या धनादेशाच्या कायद्यातल्या कलम १३८ च्या या खटल्यात समोरच्याची लबाडी सिद्ध करावी लागत नाही.